हॅट्‌ट्रिकचे मोल: भारतीय फुटबॉल संघाच्या तीन गोलांच्या नोंदी

एकाच सामन्यात एकाच खेळाडूने तीन गोल केले की फुटबॉलमध्ये त्या कामगिरीला हॅट्‌ट्रिक म्हणतात. हा शब्द मुळात क्रिकेटचा असल्यामुळे, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य वाचकांना तो लागोपाठच्या तीन चेंडूंवरील तीन बळींच्या संदर्भातच परिचित असल्यामुळे, फुटबॉलमध्येही हे गोल एकापाठोपाठ एक व्हावे लागतात असा समज पुष्कळदा आढळतो. प्रत्यक्षात मात्र तशी कोणतीही अट नाही. पहिला गोल नवव्या मिनिटाला, दुसरा मध्यंतराआधी आणि तिसरा अखेरच्या क्षणी झाला, आणि मधल्या काळात सहकाऱ्यांनी किंवा प्रतिस्पर्ध्यांनी कितीही गोल केले, तरी तिन्ही गोल एकाच खेळाडूच्या नावावर असणे एवढेच पुरेसे असते. बरोबरीनंतर मिळणाऱ्या जादा वेळेतील गोल त्यात धरले जातात, त्याचप्रमाणे खेळ चालू असताना मिळालेल्या पेनल्टीवरील गोलही धरले जातात. परंतु जादा वेळेनंतरही निकाल न लागल्यास दोन्ही संघ आळीपाळीने पेनल्टी मारतात तेव्हा, म्हणजे शूटआउटमध्ये, झालेले गोल खेळाडूच्या खात्यावर जमा होत नाहीत. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या किलियान एम्बापेने अर्जेंटिनाविरुद्ध तीन गोल केले आणि नंतर शूटआउटमध्येही चेंडू जाळ्यात मारला, तरी नोंदीत त्याचे गोल तीनच राहिले आणि विश्वचषक अर्जेंटिनाने नेला.

नियम इतके सरळ असले तरी नोंदी तितक्या सरळ नसतात. चेंडू बचावपटूच्या पायाला लागून जाळ्यात गेला तर तो गोल मारणाऱ्याचा धरायचा की बचावपटूचा स्वयंगोल मानायचा, हा निर्णय पंचाच्या किंवा स्पर्धेच्या आयोजकांच्या अहवालावर अवलंबून असतो, आणि जुन्या काळातील अहवाल अनेकदा परस्परविरोधी असत. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेच्या बर्ट पेटनोड याने पॅराग्वेविरुद्ध तीन गोल केले होते. मात्र त्यांपैकी एक गोल काही अहवालांत दुसऱ्याच्या नावावर असल्यामुळे विश्वचषकातील पहिल्या हॅट्‌ट्रिकचा मान, दोनच दिवसांनी मेक्सिकोविरुद्ध तीन गोल करणाऱ्या अर्जेंटिनाच्या गिलेर्मो स्ताबिलेकडे अनेक दशके राहिला, आणि २००६ मध्ये फिफाने म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाने पेटनोडचा दावा मान्य केला, तेव्हा त्याच्या मृत्यूलाही बरीच वर्षे उलटली होती.

याहून अवघड प्रश्न सामन्याच्या दर्जाचा आहे. दोन देशांचे प्रमुख संघ परस्परांशी खेळतात तेव्हाच तो पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना ठरतो. क्लबविरुद्धचे, निवड संघांविरुद्धचे किंवा वयोगटाचे सामने त्यात मोडत नाहीत, आणि ऑलिम्पिकमधील १९६० पासूनचे पुरुषांचे सामनेही फिफा त्यात धरत नाही. शिवाय पूर्ण आंतरराष्ट्रीय सामन्यांमध्येही प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीत इतका फरक असतो की केवळ गोलांच्या आकड्यावरून खेळाडूची थोरवी ठरवणे धोक्याचे होते. एप्रिल २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने विश्वचषकाच्या पात्रता फेरीत अमेरिकन सामोआ या छोट्या बेटाच्या संघाला ३१-० असे हरवले आणि त्या एका सामन्यात आर्ची थॉम्पसन याने तब्बल १३ गोल केले. हा आजही आंतरराष्ट्रीय विक्रम आहे. तरीही जगातील थोर आघाडीपटूंची नावे घेताना थॉम्पसनचे नाव कोणाच्याही ओठांवर येत नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा भारतीय संघाच्या हॅट्‌ट्रिकांचा विचार करतानाही तीन हा आकडा सर्वांत कमी महत्त्वाचा मानून, ती कोणाविरुद्ध, कोणत्या स्पर्धेत आणि सामन्याच्या कोणत्या अवस्थेत झाली हे आधी पाहावे लागते.

भारताच्या नावाने खेळलेल्या संघाची पहिली हॅट्‌ट्रिक १९३८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील आहे. कोलकात्याच्या इंडियन फुटबॉल असोसिएशनने पाठवलेल्या या संघाचे कर्णधारपद करुणा भट्टाचार्य यांच्याकडे होते, आणि भारतीयांबरोबर युरोपीय वंशाचे खेळाडूही त्यात होते; ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाशी झालेल्या पाच सामन्यांपैकी भारताने एक जिंकला, एक बरोबरीत सोडवला आणि तीन गमावले. या मालिकेत तीन गोल करणारा खेळाडू नोंदींमध्ये आर. लम्सडेन एवढ्याच नावाने राहिला आहे. स्वातंत्र्यानंतरची पहिली हॅट्‌ट्रिक शिव मेवालाल यांची. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्धचा एकमेव गोल करून ज्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तेच हे मेवालाल. त्यांची हॅट्‌ट्रिक पुढल्या वर्षी कोलंबोतील चौरंगी स्पर्धेत ब्रह्मदेशाविरुद्ध झाली. यांतले कोणते यश मोठे असे विचारले तर इराणविरुद्धच्या त्या एका गोलाकडेच बोट दाखवावे लागेल.

त्या काळात सामन्यागणिक गोलांची संख्या आजच्यापेक्षा बरीच जास्त असे आणि म्हणून हॅट्‌ट्रिकही अधिक होत, यामागे खेळाच्या रचनेचे कारण आहे. ऑफसाइडच्या नियमानुसार आक्रमक खेळाडूकडे चेंडू पुढे सारला जाताना त्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिस्पर्ध्याचे ठरावीक खेळाडू असावे लागतात. हा आकडा गोलरक्षक धरून पूर्वी तीन होता, तो १९२५ मध्ये दोनवर आणला गेला आणि आक्रमकांना एकाएकी मोकळे रान मिळाले. त्यावर उपाय म्हणून मधल्या फळीच्या मध्यावरील खेळाडूला मागे खेचून बचावात तिसरा गडी उभा करण्याची रचना इंग्लंडमध्ये रूढ झाली. इंग्रजी डब्ल्यू आणि एम या अक्षरांच्या आकारांवरून ती ओळखली जाते, आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे जगाच्या बऱ्याच भागात हीच रचना प्रमाण मानली गेली. या रचनेचे मर्म असे की बचावाच्या मध्यावरील खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या मध्य आघाडीपटूची पाठ सोडायची नाही, आणि तिची कमजोरीही नेमकी तीच होती. कारण तो आघाडीपटूच मागे सरकून मैदानाच्या मध्यात खेळू लागला, तर त्याच्यामागे जावे की जागा धरून राहावे हे बचावपटूला कळेनासे होई. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे हरवले ते याच युक्तीवर, आणि असा मागे सरकून खेळणारा नांदोर हिदेगकुटी याने त्या दिवशी स्वतः तीन गोल केले. आक्रमण आणि बचाव यांचा हिशेब असा विस्कटलेला असताना खेळल्या गेलेल्या १९५४ च्या विश्वचषकात सामन्यागणिक पाचांहून अधिक गोल झाले. पुढे बचाव संघटित होत गेला आणि हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर उतरले. २००६ च्या विश्वचषकात तर एकाही खेळाडूला हॅट्‌ट्रिक करता आली नाही.

युरोपातील हे बदल भारतात लवकर ओळखणाऱ्यांमध्ये हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम अग्रभागी होते. पेशाने शिक्षक असलेल्या रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलिस संघ घडवला आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासून राष्ट्रीय संघाची जबाबदारी सांभाळली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे लोळवले होते आणि ब्रांको झेबेक या एकट्या खेळाडूने चार गोल केले होते. थंडीत, ओल्या मैदानावर अनवाणी खेळणाऱ्या खेळाडूंचा निभाव लागणे शक्य नव्हते, आणि या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. चार वर्षांनी मेलबर्नला गेलेला संघ म्हणूनच वेगळा होता. समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी त्याचे कर्णधार होते, उजव्या बगलेवर विशीतले प्रदीपकुमार बॅनर्जी होते, आणि आघाडीच्या मध्यावर होते मुंबईत नाव कमावलेले नेव्हिल डिसोझा. डिसोझा मूळचे बार्देशातील आसगावचे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, तरी मुंबईच्या मैदानांवर गोव्याच्या अनेक पिढ्या फुटबॉल खेळत आल्या होत्या, आणि टाटांच्या संघाकडून खेळणारे डिसोझा हे त्या परंपरेचेच फळ होते.

मेलबर्नमध्ये भारताची पहिली गाठ हंगेरीशी पडायची होती, परंतु हंगेरीतील उठाव आणि सोव्हिएत रणगाडे यांच्या धामधुमीत त्या देशाने आपला फुटबॉल संघ पाठवला नाही, आणि भारत न खेळताच उपउपांत्य फेरीत दाखल झाला. तेथे १ डिसेंबर १९५६ रोजी समोर आला यजमान ऑस्ट्रेलिया, ज्याने आधीच्या फेरीत जपानला हरवले होते. हा सामना पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे, कारण त्यात गोलांचा क्रमच सारे काही सांगतो. नवव्या मिनिटाला डिसोझा यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने ती फेडली. तेहेतिसाव्या मिनिटाला डिसोझा यांनी पुन्हा आघाडी घेतली. मध्यंतराआधी मॉरोने पुन्हा बरोबरी साधली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी डिसोझा यांनी तिसरा गोल केला, आणि या वेळी मात्र ऑस्ट्रेलियाला उत्तर सापडले नाही. शेवटची दहा मिनिटे उरली असताना कृष्णस्वामी तथा किट्टू यांनी चौथा गोल घालून ४-२ असा निकाल पक्का केला. जिंकल्यात जमा असलेल्या सामन्यात खात्यावर भर घालणारे गोल वेगळे आणि दोनदा निसटलेली आघाडी तिसऱ्यांदा खेचून आणणारे गोल वेगळे. डिसोझा यांच्या तिन्ही गोलांनी भारताला पुढे नेले, त्यांतला एकही शोभेचा नव्हता, आणि या एका कारणासाठी भारतीय संघाच्या सर्व हॅट्‌ट्रिकांमध्ये तिला पहिले स्थान द्यावे लागते.

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले; जपानच्या कुनिशिगे कामामोतोने मेक्सिकोमध्ये नायजेरियाविरुद्ध तीन गोल केले ते त्यानंतर बारा वर्षांनी, आणि जपानने त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. भारताला ते जमले नाही. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध मध्यंतरानंतर पहिला गोल डिसोझा यांनीच केला, पण ती आघाडी दोन-तीन मिनिटेच टिकली आणि सामना ४-१ असा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी मात केली. चार गोलांसह डिसोझा हे युगोस्लाव्हियाचा तोदोर वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा दिमितार मिलानोव यांच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे ठरले. येथे अतिशयोक्ती टाळण्यासाठी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे: अनेक देशांनी माघार घेतल्यामुळे त्या स्पर्धेत अवघे अकरा संघ खेळले आणि भारत चौथा आला तो एकच सामना जिंकून. ऑलिम्पिक तेव्हा हौशी खेळाडूंपुरते मर्यादित असल्याने पश्चिम युरोपातील व्यावसायिक खेळाडू त्यात नव्हतेच. मात्र ऑस्ट्रेलियावरील विजय हा योगायोग होता असे म्हणण्यालाही जागा नाही, कारण त्याच महिन्यात सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने त्याच संघाला ७-१ असे हरवले. डिसोझा १९८० मध्ये, वयाची पन्नाशीही न गाठता निवर्तले. क्रिकेटपटूंच्या धावांच्या सरासरी दशांश चिन्हापर्यंत पाठ असलेल्या मुंबईला आपल्या या खेळाडूचे विस्मरण कसे झाले, याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही.

एका हॅट्‌ट्रिकवरून साऱ्या संघाची, शितावरून भाताची, परीक्षा करण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. भारतीय फुटबॉलचे हे सर्वोच्च शिखर मानले जाते, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत एकाही भारतीयाची हॅट्‌ट्रिक नाही: प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम आणि मूळचे बचावपटू असूनही आघाडीला खेळवलेले जर्नेलसिंग यांच्यात गोल वाटले गेले होते. गोल करणारे अनेक असतील तर कोणा एकाला रोखून प्रतिस्पर्ध्याचे भागत नाही. एकाच खेळाडूच्या नावावर वारंवार तीन-तीन गोल लागतात तेव्हा त्यात त्या खेळाडूची थोरवी असते तशी इतरांची उणीवही असू शकते. अलीकडच्या भारतीय संघाकडे पाहताना ही शंका विशेष डोकावते, कारण २००५ नंतरच्या जवळजवळ वीस वर्षांत गोलांचा भार मुख्यत्वे एका माणसावर राहिला.

सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. पुढल्या वर्षी तो पुन्हा संघात परतला. भारतासाठी त्याने चार हॅट्‌ट्रिक केल्या आणि त्यांतल्या दोन महाराष्ट्रातील मैदानांवरच्या आहेत. पहिली १३ ऑगस्ट २००८ ची, दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवरची. आशियातील दुय्यम फळीतल्या देशांसाठी असलेल्या चॅलेंज करंडकाचा तो अंतिम सामना होता आणि विजेत्याला २०११ च्या आशियाई करंडकात थेट प्रवेश मिळणार होता, जो भारताला १९८४ नंतर एकदाही मिळाला नव्हता. ताजिकिस्तानविरुद्ध छेत्रीने तीन आणि बायचुंग भुतियाने एक गोल केला, भारत ४-१ असा जिंकला आणि सत्तावीस वर्षांचा खंड भरून निघाला. डिसोझा यांच्या हॅट्‌ट्रिकनंतर क्रम लावायचा तर तो हिचा. पणाला लागलेल्या गोष्टीचा विचार केला तर ती फारशी मागेही नाही.

ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याच्या बालेवाडी संकुलात व्हिएतनामविरुद्ध झालेली दुसरी हॅट्‌ट्रिक मैत्रीपूर्ण सामन्यातली, म्हणून तिच्यावर कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. परंतु व्हिएतनाम तेव्हा आग्नेय आशियाचा विजेता होता, भारताचा ३-१ हा विजय सहज मिळालेला नव्हता आणि संघाचे तिन्ही गोल एकट्या छेत्रीचे होते. तीनच महिन्यांनी दोहा येथील आशियाई करंडकात भारत तिन्ही सामने हरला, आणि बहारीनच्या इस्माईल अब्दुललतीफने एकट्याने चार गोल करून दोन स्तरांमधील अंतर दाखवून दिले.

तिसरी हॅट्‌ट्रिक १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर चिनी तैपेईविरुद्ध झाली. निकाल ५-० होता, प्रतिस्पर्धी संघ नवख्या खेळाडूंचा होता, आणि खेळाच्या दृष्टीने पाहता चारांतली ही सर्वांत कमी वजनाची. तिचे महत्त्व निराळ्याच कारणाने आहे. त्या दिवशी प्रेक्षकसंख्या जेमतेम अडीच हजारांच्या घरात होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एका चित्रफितीद्वारे, टीका करायची असेल तर खुशाल करा पण मैदानावर येऊन करा, अशा आशयाचे आवाहन केले, आणि ४ जूनला केनियाविरुद्धच्या, म्हणजे त्याच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याची सर्व तिकिटे संपली. त्या सामन्यात त्याने दोन गोल केले. तीन गोलांना मिळाले नाहीत ते प्रेक्षक विनंतीला मिळाले, हे या शहराच्या क्रीडाप्रेमाबद्दल बरेच काही सांगून जाते.

चौथी हॅट्‌ट्रिक बंगळूरच्या कंठीरव मैदानावर २१ जून २०२३ रोजी दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाकिस्तानविरुद्धची. ज्या देशाविरुद्ध २००५ मध्ये क्वेट्टा येथे छेत्रीने पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला, त्याच देशाविरुद्धची. तिच्यातील दोन गोल पेनल्टीवरचे होते. पेनल्टी गोलपासून अकरा मीटरवरून, समोर केवळ गोलरक्षक असताना मारली जाते, त्यामुळे तशा गोलांनी बनलेली हॅट्‌ट्रिक अस्सल मानावी का, असा प्रश्न दरवेळी निघतो. नियमाच्या दृष्टीने त्यात काहीच खोट नाही. रसिकांच्या दृष्टीने मात्र डाव्या पायाने, उजव्या पायाने आणि डोक्याने असा प्रत्येकी एक गोल करून पूर्ण होणारी हॅट्‌ट्रिक, जिला परिपूर्ण हॅट्‌ट्रिक म्हणतात, सर्वांत वरची. नोंदपुस्तकात तिच्यासाठी वेगळा रकाना नसतो इतकेच.

भारतीय महिला संघाचा विचार केल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील, कारण गोलांची संख्या आणि गोलांचे मोल यांतला फरक तिथे अलीकडेच अगदी लखलखीत दिसला. थायलंडमधील च्यांग माय येथे जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीत भारताने मंगोलियाला १३-० असे हरवले आणि प्यारी झाक्साने एकटीने पाच गोल केले. मात्र गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि शेवटची गाठ यजमान थायलंडशी होती, जो भारतापेक्षा वरच्या क्रमांकाचा होता. ५ जुलैला झालेला हा सामना भारताने २-१ असा जिंकला, दोन्ही गोल मधल्या फळीत खेळणाऱ्या संगीता बासफोरने केले, आणि पात्रता फेरी खेळून आशियाई करंडकात प्रवेश मिळवण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ ठरली.